जावक क्रमांक चारशे सतरा

“लिहून ठेव मालिनी, पुढच्या गणपतीला तुझा नवरा केबिनमध्ये बसलेला असेल! दार ढकललं की आपोआप मिटतं, तसल्या!”

हरिश्चंद्र भाटकरांनी ही घोषणा केली १९८४ सालच्या एका बुधवारी, घावन चटणीत बुडवता बुडवता. आंब्याचा रस डबाबंद करून विकणाऱ्या एका संस्थेत ते एकवीस वर्षं आवक-जावक कारकून होते. टेबल माठ आणि मोरी यांच्या मधोमध. त्यामुळे पाणी प्यायला येणारा आणि नंतर मोरीकडे धावणारा, दोघेही त्यांच्या कोपराला धक्का देऊन जात. आता मिरजोळ्याला नवा कारखाना निघत होता. त्याला प्रशासकीय अधिकारी हवा होता. अर्ज अजून लिहिलाही नव्हता, पण न्हावी, शेजारी आणि मासळीवाली सखू यांना बातमी पोचली होती. सखूने तर तेवढ्यासाठी पापलेटाचा भाव चढवला!

ट्रंकेच्या तळातून जुना बायोडाटा निघाला. वय वीस. प्रकृती निकोप. सायकल येते. छंद : पोहणे.

मालिनीबाईंनी तो वाचला आणि पदर तोंडाला लावला. “यातलं आता खरं काय उरलंय? सायकल पासष्ट साली विकलीत. नि पोहायचं म्हणाल, तर भाट्याच्या समुद्रात घोट्याच्या वर कधी गेलात?”

“अगो, आता त्यात एकवीस वर्षांचा अनुभव घालायचाय!”

“कसला? शिक्के मारायचा?”

हरीभाऊंनी तुच्छतेने तिच्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. आईवडिलांनी नाव हरिश्चंद्र ठेवलं, तेव्हा बायोडाटा हा प्रकार त्यांच्या कानावर आलेला नसणार. पाकिटांना तिकिटं चिकटवणं, याचं झालं ‘राज्यव्यापी दळणवळणाचे नियोजन’. गंगाराम शिपायाला चहाला पिटाळणं, याचं झालं ‘कर्मचारीवर्गावर कडक नियंत्रण’. व्यवस्थापक राजाभाऊ साहेब दुपारी घरी जेवून वामकुक्षी घेत, तेव्हा हरीभाऊ दोन वेळा फोन उचलत. दोन्ही वेळा राँग नंबर. त्यावर तर पेन असं उधळलं, की आवरेना : ‘संस्थेचा संपूर्ण कारभार प्रस्तुत अर्जदारच पाहतो. व्यवस्थापक केवळ सहीपुरते असून बहुतांश वेळ निद्रिस्त असतात.’

“हे साहेबांनी वाचलं म्हणजे?” मालिनीबाईंनी विचारलं.

“वाचतील कसे? मी काय खुळा आहे त्यांना दाखवायला?”

शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी रिकामी झाली. हरीभाऊंनी टंकलेखन यंत्र पुढे ओढलं. मन मिरजोळ्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलं होतं. काम काय ते हातांवर सोडलेलं. आणि हात एकवीस वर्षांत जे शिकले होते, तेच करत होते. हातांनी संस्थेचा छापील कागद घेतला. खाली दोन कार्बन घातले. मजकूर संपल्यावर दोन ओळी सोडून बडवलं : ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. व्यवस्थापक’. गोल शिक्का मारला. नंबराशिवाय कागद बाहेर जाऊ देणं म्हणजे हरीभाऊंना उघड्या अंगाने बाजारात जाण्यासारखं! हातांनी रजिस्टर उघडून जावक क्रमांक ४१७ टाकला. एक प्रत पाकिटात, एक फायलीत, एक साहेबांच्या ट्रेमध्ये. मग हरीभाऊ शीळ घालत टपालपेटीकडे गेले.

सोमवारी अकरा वाजता गंगाराम आला.

“हरीभाऊ, साहेबांनी बोलावलंय. निद्रिस्त नाहीत, चांगले जागे आहेत.”

‘निद्रिस्त’ हा आपलाच शब्द ऐकून हरीभाऊ आत धावले. आत राजाभाऊ चष्मा लावून कागद वाचत होते. इतकं सावकाश, जसं काही पोथीच वाचतायत.

“‘कर्मचारीवर्गावर कडक नियंत्रण’. गंगाराम, तुझ्यावर नियंत्रण आहे काय रे?”

“आहे ना साहेब. चहात साखर कमी झाली की ओरडतात.”

हरीभाऊ उसळले. “गंगाराम, मेल्या! माझा खासगी कागद चोरलास? एकवीस वर्षं तुला विडी पाजली, त्याचे हे पांग फेडलेस? साहेब, याला आधी काढून टाका!”

गंगारामाने शांतपणे जावक रजिस्टर आणून टेबलावर उघडं ठेवलं. चारशे सतरा. अक्षर हरीभाऊंचं. शाई हरीभाऊंची. ‘प्रत : मा. व्यवस्थापक’ यापुढे ‘पोच केली’ अशी सहीसुद्धा हरीभाऊंची, शेपटीदार!

हरीभाऊंनी रजिस्टर पाहिलं, मग स्वतःचे हात पाहिले. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

“साहेब, हात... सवयीने...”

“बसा हरीभाऊ. रागावलो नाही मी,” राजाभाऊ म्हणाले. न रागावलेला साहेब पाहून हरीभाऊ खुर्चीच्या टोकाला टेकले. “कारखान्याचं उत्तर येऊ दे. तुम्हाला घेतलंनी तर पेढे वाटीन. नाही घेतलंनी तर मग बघू तुमचं.”

पुढचे बारा दिवस माठावर येणारा प्रत्येक माणूस “साहेब निजले काय हो?” असं विचारूनच पाणी पीत होता. हरीभाऊ शिक्के मारत होते. सगळी भिस्त आता मिरजोळ्यावर. नोकरी मिळाली तर ही सगळी जनता गेली खड्ड्यात! नाही मिळाली तर स्वतःच.

तेराव्या दिवशी पाकीट आलं. हरीभाऊंनी लगेच फोडलं.

‘विषय : आपले जावक क्र. ४१७. मा. व्यवस्थापक यांसी. आपल्या कर्मचाऱ्याचा अर्ज मिळाला. सर्व कारभार हाताखालच्या माणसाकडून करून घेऊन स्वतः केवळ सही करणे, हे कौशल्य दुर्मीळ आहे. आम्हास अशाच अनुभवी प्रशासकाची गरज आहे. तरी आपण स्वतः मुलाखतीस यावे. अर्जदार कारकुनाची आवश्यकता नाही.’

हे पत्र फाडावं, मोरीत टाकावं, गिळावं, असं हरीभाऊंच्या मनात आलं. पण मन आपलं मनातच राहिलं. हातांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि पत्र साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

अर्ध्या तासाने राजाभाऊ स्वतः उठून माठापाशी आले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच! खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हरीभाऊ, पेढे देतोच. पण माझा बायोडाटा फार जुना झालाय हो. जरा नवा करून द्या ना. तुमचा हात चांगला आहे.”

हरीभाऊंनी यंत्र पुढे ओढलं, छापील कागद घेतला आणि खाली दोन कार्बन घातले.