काचेवरची दशमी

बेळगाव स्टेशनवर एसी डब्याच्या काचेला बाहेरून दशमी लावून उभा असलेला म्हातारा तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे आप्पामामा.

मामा निपाणीचे. निपाणीला रेल्वे नाही. पण नात्यातलं कुणी बेळगाववरून गाडीनं जाणार असलं, की मामा सकाळच्या बसनं डबा घेऊन हजर. "तुमी माझ्या मुलखातनं उपाशी जायचं? जमायचं न्हाय!" असा त्यांचा कायदा. मामी गेल्यापासून दशम्या ते स्वतःच करतात. गोल सोडून बाकी सगळ्या आकारांच्या.

मी पुण्याचा आणि सासुरवाडी हुबळीची, त्यामुळे या कायद्याचा मी कायमचा गुन्हेगार. पूर्वी साध्या डब्याच्या खिडकीतून डबा आत यायचा. पुढं आमची ऐपत वाढली, आम्ही एसीत बसू लागलो आणि पंचाईत झाली. काळ्या काचेतून आम्हाला मामा दिसतात. मामांना मात्र स्वतःचंच तोंड. मग ते प्रत्येक काच ठोठावत निघतात. "पम्या, हायस का रं?" पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या प्रमोदरावांकडे अख्खा डबा वळून बघतो. ओळख पटावी म्हणून मामा दशमी काढून काचेला लावतात. एकदा मी बॅगा ओलांडत दारापर्यंत पोचेतो एका कानडी आजीनं दारातूनच डबा घेतला आणि मामांना आशीर्वादही दिला. गाडी हलल्यावर मामांचा फोन, "चटणी तिखट न्हाय न्हवं?" मी आजीकडं बघितलं. त्या डोळे पुसत खात होत्या. म्हटलं, "बेताची आहे, मामा."

यंदा आम्ही मोटार घेतली. मी मोठ्या ऐटीत फोन केला, "मामा, आता तुमची बेळगावची दगदग संपली. तुमच्या घरावरूनच जाणार!"



"व्हय. राजूबी मोटारीनंच जातोय."

राजू त्यांचा मुलगा. बंगळूरला असतो, सासुरवाडी पुण्याची.

"मग थांबतो की नाही?"

"हायवेच्या पुलावरनं हॉर्न वाजवतोय म्हणं. एवढ्या ट्रकांत त्याचा कंचा, वळखू येत न्हाय बघ." मग हसून म्हणाले, "आगीनगाडीच बरी. तिला थांबावंच लागतंय."

मोटारीनं पहिल्यांदाच हुबळीला निघालो, तेव्हा मी पुलावर न चढता खालच्या रस्त्यानं निपाणीत शिरलो. मामांना आधी कळवलं नव्हतं. म्हटलं, चकित करू. चकित मीच झालो. दाराला कुलूप.

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "आप्पा व्हय? बेळगावला गेल्यात, टेशनात."

"आज कोण जाणाराय गाडीनं?"

"कोण न्हाय. जात्यात आपलं."

बेळगावला बायकोला मोटारीत बसवून मी फलाटावर गेलो. पुण्याकडं जाणारी गाडी नुकतीच येऊन थांबली होती. मामा डबा काखेत धरून काचा ठोठावत चालले होते.

"राजू, हायस का रं? राजू?"

मी मागून गेलो.

"हाय की, मामा."

ते वळले. माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, परत माझ्याकडं.

"पम्या? मोटार कुठाय तुझी?"

"बाहेर उभी आहे."

"मग... लगेच सुटायची न्हाय न्हवं?"

"मी सोडल्याशिवाय नाही सुटत ती."

मामा बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या फलाटावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. डबा उघडून एक दशमी मला देत म्हणाले, "सूनबाईलाबी बोलीव. जरा करपल्यात, पर खा."

आमच्यासमोरून गाडी हलली. मामांनी सवयीनं हात वर केला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसाच धरला.

मग दुसरी दशमी माझ्या हातावर ठेवली. "सावकाश खा रं."