तोंडी, सासूकडून

माणूस काय म्हणतो याला विद्वानांच्या जगात फारशी किंमत नसते. तेच आधी कोणी म्हटलं होतं, कुठल्या गावी छापलं होतं आणि कितव्या पानावर, यावर त्याची इभ्रत ठरते. ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे. तिच्यामुळे मूर्खपणाला आळा बसला नसेल, पण प्रत्येक मूर्खपणाचा मूळ धनी कोण, हे निदान कळतं.

जर्मनीतल्या आउरिश गावच्या हिल्मार ओन्केनला ही व्यवस्था मनापासून मान्य होती. तो समुद्राच्या बांधांवर डॉक्टरेट करत होता; नेमकं सांगायचं तर बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांवर. मेंढ्या बांधावरून चालतात, त्यांच्या खुरांनी माती घट्ट बसते, म्हणून समुद्र आत येत नाही आणि आउरिशकर कोरडे राहतात. हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिल्मारला ते फक्त सिद्ध करायचं होतं, आणि त्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. (डोक्यावरचे केसही गेले होते, पण त्याचा मेंढ्यांशी संबंध सिद्ध झालेला नाही.)

आता घाई अशी, की त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापक डॉक्टर डॉक्टर गेशे ल्युबेन (दोनदा डॉक्टर, एकदाच लिहिलं तर बाई पत्राला उत्तर देत नसत) सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागी येणारे गृहस्थ फक्त शिंपल्यांवर काम करायचे. त्याआधी प्रबंध दाखल झाला नाही, तर हिल्मार जन्मभर नुसता ओन्केन राहणार होता. ज्या देशात दारावरच्या घंटीशेजारीही 'डॉ.' लिहितात, तिथे नुसतं ओन्केन राहणं म्हणजे पायजम्यावर लग्नाला जाण्यातला प्रकार.

त्यातून सासू. टोम्माबाई आईल्ट्स वरच्या मजल्यावर राहायच्या आणि चहाला खाली यायच्या. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांना मत होतं, आणि विषय नसला तरी होतं.

"अजून मेंढ्याच का रे?" कपात खडीसाखर टाकत त्या विचारायच्या. "वेयर्ट्सचा जावई बघ. तीन वर्षांत डॉक्टर झाला. तोही दातांचा. म्हणजे उपयोगाचा."

"आई, शास्त्राला वेळ लागतो."

"मेंढीला लागत नाही. ती चालते आणि मोकळी होते."

यावर संदर्भ शोधायला हिल्मार उठून खोलीत जायचा आणि हात हलवत परत यायचा.

हिल्मार आपला प्रबंध 'गेन्झेकील' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत असे. ते फुकट होतं आणि गावातल्याच एका नोंदणीकृत मंडळानं हौसेनं बनवलं होतं. (तिकडे सात माणसं एका दिशेला बघू लागली, की आठवा जाऊन त्यांची नोंदणी करून येतो.) त्यात संदर्भांची सोय होती. नव्हती असं कोणी म्हणू नये. फक्त मध्येच एखादी नवी तळटीप घातली, की पुढच्या सगळ्या तळटिपा बिथरून जागा बदलायच्या. लेखकाच्या जागी गाव, गावाच्या जागी पुस्तक. एका सकाळी हिल्मारच्या संदर्भसूचीत ब्रेमेन नावाच्या गृहस्थानं म्युलर या गावी 'पृष्ठे ११२ ते ११९' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केल्याचं आढळलं. त्या दिवशी हिल्मारचं टाळकं सरकलं. तो तडक मंडळाच्या सभेत गेला आणि त्यानं तक्रार केली.

इथे त्याचं चुकलं. परदेशी माणूस असता तर समजून घेतलं असतं, पण हा तिथेच जन्मलेला. मंडळात जो तक्रार करील त्याच्याच गळ्यात ते खातं पडतं, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. आणि वर हा बाबा ऐन मतदानाच्या वेळी संडासला गेला. मतदानाच्या वेळी संडासला गेलेला माणूस तिकडे पदाधिकारी होऊनच बाहेर येतो.

"अभिनंदन!" अध्यक्ष एन्नो वुब्बेना त्याचा हात दाबत म्हणाला. "संदर्भ-सुधारणा विभागप्रमुख. एकमतानं."

"अरे, पण मी इथे नव्हतो!"

"म्हणून तर एकमत झालं."

हिल्मार तसा कर्तव्यदक्ष. अंगावर पडलंय तर नीट करू, मग त्याच सुधारलेल्या सॉफ्टवेअरवर प्रबंध झटक्यात होईल, असा त्यानं विचार केला. (असा विचार करणाऱ्यांच्या प्रबंधांसाठी विद्यापीठानं तळघरात वेगळी खोली ठेवली आहे.)

पहिली सुधारणा: संदर्भाचे प्रकार. पूर्वी पुस्तक, लेख, वर्तमानपत्र असे मोजून चौदा होते. त्याच्या समितीनं ते तीनशे अठरावर नेले. त्यांत 'शिलालेख (पडलेला)', 'व्याख्यान (श्रोता जागा असताना)', 'तोंडी, मेंढपाळाकडून, वारा सुटला असताना' अशा शास्त्राच्या दुर्लक्षित दालनांना प्रथमच न्याय मिळाला. दुसरी सुधारणा: गाव आणि प्रकाशक यांच्यामध्ये कोणतं विरामचिन्ह असावं, यावर मंडळात दोन तट पडले. ते वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले, केक वेगवेगळे आणू लागले, आणि एका जोडप्याचा काडीमोड झाला. अखेर दोघांनाही न आवडणारं एक चिन्ह निवडण्यात आलं आणि शांतता नांदू लागली.

तिसरी सुधारणा मात्र खुद्द हिल्मारच्या डोक्यातली. तिचं नाव 'पहारेकरी'. ठराव असा होता:

'मजकुरात कोणतेही विधान संदर्भाविना आढळल्यास ते पिवळे करण्यात येईल. पिवळे विधान असलेला मजकूर छापता वा पाठवता येणार नाही. संदर्भ दिल्यास त्या संदर्भाचाही संदर्भ तपासण्यात येईल, व त्याचाही, व असेच पुढे.'

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. पुढचा विषय आलुबुखाराचा केक हा होता.

पहारेकऱ्यानं जिल्ह्यात जी क्रांती केली तिला तोड नाही. चर्चचे पाद्री गेन्झेकीलमध्येच प्रवचन लिहायचे. त्यांचं प्रवचन पहिल्या वाक्यापासून पिवळं झालं. देवाचा संदर्भ दिला, तर पहारेकऱ्यानं देवाचा संदर्भ मागितला. तेव्हापासून ते नुसतं 'आमेन' छापून आणतात आणि चर्चमधली गर्दी दुप्पट झाली आहे. नगरपालिकेला 'पुढे रस्ता बंद आहे' ही पाटी छापता येईना, म्हणून रस्ता उघडावा लागला. एका तरुणानं मैत्रिणीला 'तुझ्यावाचून करमत नाही' असं लिहिलं. पहारेकऱ्यानं मूळ संदर्भ मागितल्यावर त्यानं इमानदारीत तळटीप दिली: हेच वाक्य, आधीच्या मैत्रिणीला, दोन वर्षांपूर्वी. जिल्ह्यातला पत्रव्यवहार नऊदशांशानं घटला, भांडणंही तेवढीच घटली, आणि हिल्मारचा फोटो वर्तमानपत्रात आला.

मग एके दिवशी हिल्मारनं आपला प्रबंध उघडला.

सबंध पिवळा! पहिलं वाक्य होतं, 'मेंढीला चार पाय असतात.' हिल्मारनं प्राणिशास्त्राचं पुस्तक दिलं. पहारेकऱ्यानं त्या पुस्तकाला विचारलं, तुला कोणी सांगितलं? त्या पुस्तकाच्या बापाला विचारलं, आजोबाला विचारलं. शेवटी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुठल्याशा पाद्र्यानं मेंढीचे पाय स्वतः वाकून मोजल्याचं निघालं, तेव्हा कुठे वाक्य पांढरं झालं. या गतीनं प्रबंध पुरा व्हायला मेंढीची जात नामशेष झाली असती.

पण खरा बॉम्ब पुढेच होता. 'मेंढ्यांच्या चालण्यानं बांध घट्ट होतो' हे प्रबंधाचं मुख्य वाक्य काही केल्या पांढरं होईना. हिल्मारनं माग काढला, आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. तो धावत ल्युबेनबाईंकडे गेला.

"बाई, मेंढ्यांनी बांध घट्ट होतो, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"हुसुमच्या हान्सेनवरून."

"हान्सेननं त्या डेन्मार्कवाल्यावरून लिहिलंय."

"मग झालं की. दोघंही माझ्या बाजूचे आहेत."

"पण बाई, तो डेन्मार्कवाला तुमच्यावरून लिहितोय!"

ल्युबेनबाईंनी चष्मा काढून पुसला, तो पुन्हा घातला आणि दार बंद आहे ना ते पाहिलं.

"ओन्केन, इतकी वर्षं आमचं तिघांचं उत्तम चाललंय. समुद्र आत आलाय का?"

"नाही."

"मग तुमच्या पोटात का दुखतंय? मला त्यावर दोनदा डॉक्टर केलंय लोकांनी. ते पिवळं घालवा बघू आधी. आणि लवकर घालवा, माझ्या निरोपाच्या फुलांची ऑर्डर गेलीय."

पिवळं घालवायचं तर पहारेकऱ्याला हटवायला हवं. पहारेकऱ्याला हटवायचं तर सर्वसाधारण सभा. सभा बोलवायची तर घटनेप्रमाणे लेखी निमंत्रण, आणि ते मंडळाच्याच सॉफ्टवेअरमध्ये छापलेलं. (ही अट मंडळाच्या अभिमानापोटी होती.) एन्नोनं निमंत्रण लिहायला घेतलं: 'येत्या शुक्रवारी सभा होईल.' वाक्य पिवळं झालं.

"हे कशाला पिवळं?" हिल्मार ओरडला.

"शुक्रवार अजून झाला नाही ना," एन्नो म्हणाला. "न झालेल्या गोष्टीला संदर्भ कुठला आणणार? चोख काम केलंयस हं तू, मानलं पाहिजे."

"मग हातानं लिहून वाटू या!"

एन्नोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं सभेत विजार उतरवली होती. "हिल्मार, घटना आहे."

"मग घटना बदलू."

"त्याला सभा बोलवावी लागते."

हिल्मार घरी आला आणि चहाच्या टेबलावर डोकं टेकून चक्क रडला. त्याला स्वतःचा राग आला, मेंढ्यांचा आला, त्या वाकून पाय मोजणाऱ्या पाद्र्याचाही आला. टोम्माबाई समोर बसल्या होत्या.

"आता काय झालं?"

"मेंढ्यांनी बांध घट्ट होतो, हे कोणीच पाहिलेलं नाही, आई! पुरावाच नाही कुठे!"

"पुरावा कसला मेल्या? होतो म्हणजे होतो. मी सांगतेय ना!"

हिल्मारनं डोकं वर केलं. त्यानं कॉम्प्युटर ओढला, संदर्भाचे तीनशे अठरा प्रकार धुंडाळले, आणि 'तोंडी, नातेवाइकाकडून (सासू धरून)' हा प्रकार निवडला. नाव: टोम्मा आईल्ट्स. तोंडी संदर्भाच्या मागे आणखी पुस्तक नसल्यानं नियमाप्रमाणे पहारेकऱ्यानं एकच प्रश्न विचारला: 'सदर व्यक्तीस खात्री आहे काय?'

"आई, तुम्हाला खात्री आहे?"

"मला?" टोम्माबाई म्हणाल्या. "मला कधी नव्हती?"

वाक्य पांढरं झालं! हिल्मार खुर्चीवरून उडालाच. त्यानं सासूचा मुका घेतला, जे त्या मुलखात लग्नातही करत नाहीत.

मग काय विचारता! हिल्मार वाक्य वाचायचा, टोम्माबाई "हो मग!" म्हणायच्या, वाक्य पांढरं व्हायचं. "वाऱ्याचा वेग उंचीबरोबर वाढतो?" "हो मग!" "चिकणमातीत पाणी मुरायला वेळ लागतो?" "हे काय विचारायचं झालं?" कपात चमचा उभा केला की चहा पुरे, असा तिकडचा कायदा; पण टोम्माबाईंनी त्या आठवड्यात चमच्याला हात लावला नाही. किटलीवर किटली रिचत होती. मेंढीच्या चार पायांखालचा तो पाद्रीही हटला आणि तिथेही टोम्माबाईच आल्या. एकदाच त्या अडल्या. "डेन्मार्कचे बांधही चांगले? मुळीच नाही. मी लहानपणी पाहिलेत." त्यामुळे चौथं प्रकरण वगळावं लागलं, पण शास्त्रात असं चालायचंच. सप्टेंबर संपायच्या आत प्रबंध पांढरा शुभ्र होऊन दाखल झाला.

परीक्षक तिघे होते: ल्युबेनबाई, हान्सेन आणि तो डेन्मार्कवाला. प्रबंध हाती आला, की परीक्षक आधी मागची संदर्भसूची उघडून आपलं नाव शोधतो. ही जगन्मान्य पद्धत आहे आणि तिच्यामुळे बराच वेळ वाचतो. इथे सूचीत एकच नाव होतं.

"आईल्ट्स," हान्सेन सावधपणे म्हणाले.

"अर्थात, आईल्ट्स!" डेन्मार्कवाले म्हणाले. "पुन्हा एकदा वाचायला हवी."

"पायाभूत काम आहे," ल्युबेनबाई म्हणाल्या. आपल्याला माहीत नाही हे आधी कोण कबूल करणार?

निकाल दोन आठवड्यांनी आला. तो असा: 'सदर प्रबंध उच्च दर्जाचा असून क्षेत्रातील अनेक वर्षांची उणीव दूर करणारा आहे. त्यातील सर्व विधाने श्रीमती आईल्ट्स यांची असल्याचे उमेदवाराने प्रत्येक पानावर प्रामाणिकपणे नमूद केले आहे. सबब डॉक्टर ही पदवी श्रीमती आईल्ट्स यांना सन्मानपूर्वक प्रदान करण्यात येत आहे. उमेदवाराच्या टंकलेखनाबद्दल समाधान व्यक्त करण्यात येते.'

समारंभाला टोम्माबाईंना हिल्मारनंच गाडीतून नेलं. त्यांनी भाषण केलं. विषय मेंढ्या, दातांचे डॉक्टर आणि डेन्मार्क. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. परतताना हिल्मारचा बांध फुटला.

"आई, माझी सगळी जवानी गेली हो त्यात! ते माझं होतं!"

"मग तसं खाली लिहायचंस ना," डॉक्टर आईल्ट्स म्हणाल्या.

आता ल्युबेनबाई, हान्सेन आणि डेन्मार्कवाले, तिघंही आईल्ट्स यांचाच दाखला देतात. त्यामुळे या शास्त्राला प्रथमच भक्कम पाया लाभला आहे. हिल्मार शिंपल्यांची माहिती गोळा करतो आहे.

तुम्हाला हिल्मारची कीव आली असेल. हसूही आलं असेल. उद्या सकाळी 'फार छान आहे, जरूर वाचा' म्हणून ही गोष्ट तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकाल, आणि टाकताना लिहिणाऱ्याचं नाव तेवढं गाळाल, कारण ते कोण शोधत बसणार! दुपारी कोणाच्या तरी मेव्हण्याकडून ती त्याच्याच नावानं परत येईल, आणि 'वा, काय लिहिलंय!' म्हणून तुम्ही त्याला हात जोडाल. हिल्मारनं निदान सासूचं तरी नाव लावलं होतं.