फडक्यातली कोथिंबीर वाढली, त्याची गोष्ट

मुलांनो, डोळ्यांपुढे एक फ्रीज आणा. आत दूध, उरलेली आमटी, आणि खालच्या फळीवर कोथिंबिरीच्या तीन जुड्या. वर चिठ्ठी: 'प्रयोग चालू आहे. खाऊ नये.' समजा, हा फ्रीज बडोद्याच्या नागरवाड्यात आहे आणि चिठ्ठी दहा वर्षांच्या यशश्रीने लिहिली आहे.

घरात जुना वाद होता. आई म्हणे, कोथिंबीर ओल्या फडक्यात टिकते. सुनेत्राआत्या म्हणे, वर्तमानपत्रात. यशश्रीने ठरवलं, निकाल शास्त्राने लावायचा आणि तो तुकोजीआजोबांच्या 'शोधपत्रिके'त पहिल्या पानावर छापून आणायचा. हे शेजारचे आजोबा रिफायनरीतले निवृत्त केमिस्ट. गल्लीतल्या मुलांसाठी हे मासिक काढत, पण तपासल्याशिवाय एक ओळ छापत नसत.

संशोधनाला अनुदान लागतं. यशश्रीने घरात रीतसर अर्ज केला. आईने एक जुडी मंजूर केली. "पण फडकं जिंकलं पाहिजे हं!" आत्याने दुसरी दिली. "पेपरच जिंकणार, लिहून ठेव." तिसरी खंडेराव मार्केटातल्या शाकवाल्याने भाजीवर फुकट घातली. "ले दीकरा, मसालो!" भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबीर-मिरचीला तिकडे 'मसालो' म्हणतात. ती जुडी आपली तुलनेसाठी पाण्याच्या पेल्यात उभी राहिली.

प्रत्येक जुडीत यशश्रीने मोजून चाळीस काड्या ठेवल्या होत्या. सातव्या दिवशी पुन्हा मोजल्या. पेल्यात चाळीस. पेपरात एकोणपन्नास. फडक्यात बावन्न! आणि सगळ्या हिरव्यागार.

तिने जसं दिसलं तसं लिहून पाठवलं. संध्याकाळी लेख परत आला. समासात लाल शाई होती: 'फडक्यात कोथिंबीर वाढत असेल, तर सगळे शेतकरी तुझ्या आईकडे फडकी मागायला येतील. प्रयोग पुन्हा करावा.'

"आई, बारा काड्या कुठून आल्या गं?"

आई पोळी लाटतच राहिली. "अगं, चौथ्या दिवशी काळी पडायला लागली होती. म्हटलं, बदलून ठेवू. तुझं नाव खराब नको व्हायला."

"माझं की फडक्याचं?"

आत्या खो खो हसली. "बघा वहिनी, शास्त्रात लबाडी!"

"आणि आत्या, तुझ्या नऊ?"

आत्याचं हसू जागीच थांबलं. "मी... मी चहा टाकते हं."

मग प्रयोग तुकोजीआजोबांच्या फ्रीजमध्ये झाला. एकदा नाही, तीनदा. दोघींना तिकडे फिरकायची बंदी होती. तिन्ही वेळा तेच: पाचव्या दिवशी फडकं हरलं, सहाव्या दिवशी पेपर पिवळा पडला, आणि पेल्यातली फुकटची जुडी दहा दिवस ताठ उभी!

लेख छापून आला. पहिल्या पानावर, चौकटीत! गल्लीभर अंक फिरला. खाली आभार होते: 'शाकवाल्याकाकांचे विशेष आभार, कारण त्यांनी जुडी दिली आणि विसरून गेले.'

आईने लेख दोनदा वाचला. मग कोथिंबीर पेल्यात ठेवत म्हणाली, "मी तर कधीची सांगतेय, पेलाच बरा."

"मीसुद्धा," आत्या म्हणाली.

यशश्रीने वहीतून नवा अर्ज काढला. विषय होता: 'लिंबू जास्त दिवस कशात टिकतं?' शेवटची ओळ तिने लाल शाईने लिहिली होती: 'अनुदान देणाऱ्यांनी फ्रीज उघडू नये.' मग तिने दोघींच्या हातात एकेक पेन दिलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.