खुर्चीवरचा रस्ता

आमच्या गावचा रस्ता किसनकाका खुर्चीत बसून दाखवतात. नकाशा लागत नाही, फोटो लागत नाही. खुर्ची तेवढी मजबूत हवी.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या पुढे, मोठा रस्ता सोडून चार किलोमीटर आत आमचं गाव. रस्त्यावर मोठाली गिट्टी पसरून कंत्राटदार गेला तो गेलाच. पाच वर्षं झाली. काका वांगी-टमाटे पिकवतात आणि दर सोमवारी, तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, आदिलाबादच्या कचेरीत जातात. साहेबांनी तक्रार विचारली की समोरची खुर्ची ओढतात, हवेतच ऑटोची दांडी धरतात आणि निघतात.

"हे निघालो शाळेपासून." खुर्ची डुगडुगते. "हा आला बोरीखालचा खड्डा." काका डाव्या अंगावर कलंडतात, शेजारच्या बाईची पिशवी खाली. "आता नाल्याचा उतार, सायेब, धरून बसा!" साहेबसुद्धा नकळत टेबल धरतात. शिपाई पाहायला दारात जमतात. एकदा खुर्चीचा पायच मोडला. काका जमिनीवरूनच म्हणाले, "पाह्यलं? सरकारची खुर्ची नाही टिकली, माह्ये टमाटे काय टिकतीन?"

हे हिसके त्यांच्या अंगातच मुरलेत. लग्नाच्या पंगतीतही गुडघा हलत असतो. एका व्याह्याने हळूच विचारलं, "थंडीताप हाय का यायले?" काका म्हणाले, "ताप नाही, रस्ता हाय. तो होऊ द्या, मंग बसतो निवांत."

सकाळी मी किराण्याचं शटर वर करतो तेव्हा ते बाहेर उभेच.

"परभाकर, काय नवं?"

"काका, एका रात्रीत काय नवं होईन?"

"काऊन? सायबाची बदली होते ना एका रात्रीत!"

आणि नवा साहेब म्हणजे चार किलोमीटर पुन्हा शाळेपासून.

मी त्यांचा दुभाषी. काकांचं बोलणं तेलुगूत साहेबांना सांगायचं, साहेबांचं काकांना. काका म्हणत, "याच्या बायकोले बसवा माह्या ऑटोत." मी तेलुगूत म्हणत असे, "साहेब, जरा लक्ष घालावं." परभाकर दुकान बंद ठेवून म्हाताऱ्यासोबत जातो, म्हणून गावात माझं कौतुक होई. ते ऐकवत नसे. काकांचा अर्ज कुठे अडतो, हे मला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं.

गेल्या महिन्यात आलेल्या साहेबांनी खुर्चीवरचे चारही किलोमीटर पाहिले आणि ते हसले नाहीत. त्यांनी रस्त्याची मिसल, म्हणजे फाइल, मागवली, जुने कागद चाळले, एक बाहेर काढला. "रोड ऐपोयिंदि," म्हणाले. रस्ता झालाय. काम पूर्ण झाल्याचा पंचनामा होता तो. खाली गावातल्या पाच पंचांच्या सह्या.

"यातल्या एकाने जरी हे खोटं आहे असं लिहून दिलं," साहेब म्हणाले, "तर मी इंजिनियर पाठवतो. नाही तर झालेला रस्ता पुन्हा कसा मंजूर करू?"

काकांनी कागद हातात घेतला. सगळा तेलुगू, चार सह्याही तेलुगू. पाचवी ठसठशीत मराठीत. मराठी शाळेत शिकलो म्हणून मी सही मराठीतच करतो, अभिमानाने.

ती सही केली त्या आठवड्यात कंत्राटदाराने माझ्या दुकानापुढच्या चिखलात दोन टिप्पर मुरूम टाकला होता. कागदावर काय लिहिलंय कळलं नाही, असंही म्हणता येत नाही. तेलुगू मी हळू वाचतो, पण वाचतो.

काकांनी माझी सही अंगठ्याखाली झाकली आणि तसाच कागद परत केला. "सायबाले सांग, हे लोकं कोण हायेत, मले नाही माहीत."

मी ते तेलुगूत सांगितलं. शब्दन् शब्द.

परतताना ऑटो नाल्याच्या उताराला लागला. मी विचारलं, "काका, तुमी पाह्यलं ना?"

"आता काय पाह्यचं? तवाच कळलं होतं. मुरूम काय आभाळातून पडला तुह्या दुकानापुढं?"

"मंग बोलले काऊन नाही?"

ते बाहेर कपाशीकडे पाहत म्हणाले, "पोरं हैदराबादले. घरी भिंतीसंगं बोलू का? सकाळ झाली का तुह्याच दुकानात येतो मी. तुह्यासंगं वाकडं घेऊन जाऊ कुठं?"

पुढच्या सोमवारी मी माझा कागद लिहून नेला. पंचनामा खोटा आहे, तो वाचून, समजून मी सही केली, असा. साहेबांनी जुनी सही दाखवून विचारलं, तुमचीच का? मी म्हणालो, माझीच. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात मागून काकांनी माझा सदरा धरला. "राहू दे ना, परभाकर," कानाशी येऊन ते पुटपुटू लागले. "नको देऊ लिहून. तुह्यावर खटला-बिटला होईन. आपण दुसरी दरखास्त करू. मी येतो ना दर सोमवारी, मले काय काम हाय?"

मी कागद साहेबांच्या हातात सोडला. काकांनी सदरा सोडला नाही.