बाहेर डोकावणारे केसर

"काका, या फुलांच्या बाहेर आलेले केसर कुठे गेले?"

"ते होय," पुस्तकाची पानं मांडणारे काका समाधानाने म्हणाले, "कापले. लोंबत होते सगळीकडे."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर फुलांची चित्रं काढून त्यांनी एक पुस्तक तयार केलं होतं, आणि ते जसंच्या तसं छापायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. फूल ओळखायचा पुस्तकातला पहिलाच प्रश्न होता: केसर पाकळ्यांच्या बाहेर डोकावतात, की आतच राहतात? आता तर सगळीच फुलं हाताची घडी घालून बसली होती.

संगणकावर काकांचा विश्वास नव्हता. चित्र कात्रीने कापायचं, पानावर चिकटवायचं, कडेला केसभरही काही लोंबू द्यायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त.

"मूळ चित्रं कापलीत तुम्ही?"

"मग काय झेरॉक्स कापू? ताई, रडवेल्या होऊ नका. मी कपटासुद्धा टाकत नाही."

त्यांनी कपट्यांचं पाकीट टेबलावर उपडं केलं. सतरा फुलांचे केसर, न्हाव्याच्या दुकानात पडावेत तसे. मुलीला घाम फुटलेला पाहून काकांनी आपुलकीने पंखा लावला.

पुढचा अर्धा तास दोघं टेबलाखाली रांगत होती. मग काकांनी अंदाजपंचे एक जोडून पाहिला, तर घंटेसारख्या फुलाला मिशा फुटल्या. शेवटी मुलीने आईला बोलावलं, निदान चिमटा धरायला. आईला झाडापानांतलं ओ की ठो कळत नाही, असं घरात सगळे धरूनच चालत.

आईने चष्मा लावला. "हा जांभळ्या वेलीचा. हा कुंपणावरच्या झुडपाचा, टोक पिवळं आहे बघ. आणि या घंटेला मिशा कोणी लावल्या?"

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"आई, तुला कसं माहीत?"

"चित्र होईपर्यंत फूल धरून कोण उभं राहायचं? त्यांना वाटायचं, फुलदाणीच आहे."

सोळा फुलं मार्गी लागली. सतराव्यापाशी आई थांबली. "याचे बाहेर नसतातच. मी तेव्हाच म्हटलं होतं. तर म्हणाले, बोलू नकोस, फूल हलतंय."

"म्हणजे हे एक मी बरोबर कापलं," काका हळूच म्हणाले.

मुलगी पेचात पडली. वडिलांचा शब्द राखावा, की फुलाचा? "तूच सांग आई. तू म्हणशील तसं."

आईने तो केसर चिमट्याने उचलला, डिंकात टेकवला आणि वडिलांनी चित्रात दाखवला होता तिथेच बसवला.

"राहू दे त्यांचं. समोर माणूस नसताना वाद जिंकून काय करायचंय."

"मग वहिनी, चूक तशीच छापायची?" काकांच्या जिवाला लागलं.

"तशीच कशी?" आई चिमटा पुसत म्हणाली. "खाली तळटीप घाला. लेखकाच्या पत्नीचं मत वेगळं आहे."