यमुताईचं न उडालेलं विमान

बाळांनो, जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू द्या. एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यावर एक विमान होतं. हसू नका. ज्या जंगलात रस्ता नसतो, तिथे विमान आधी येतं.

ह्या विमानाला चाकं नव्हती. चाकांच्या जागी दोन लांबट, पोकळ होड्या होत्या. ते पाण्यावरून धावायचं आणि पाण्यावरूनच उडायचं. शेजारच्या जंगलात असं विमान आहे, असं सिंहमहाराजांच्या कानावर आलं होतं. मग आपल्याकडेही आणणं भागच होतं.

ते चालवायला यमुताई नावाचं पाणमांजर नेमलं होतं. ती मोठ्या धरणावर हे काम शिकून आली होती. बोलायला कमी, हाताने चोख. रोज सकाळी ती होड्यांत झिरपलेलं पाणी पंपाने उपसायची. मग तळ्यात फिरून तरंगणारे ओंडके बाजूला सारायची. कोल्हा प्रधान काठावरून बघायचा आणि म्हणायचा, "ही उडते कमी, झाडलोटच जास्त करते."

उद्घाटन ठरलं. मुहूर्त नेमका भर दुपारचा निघाला. झाडाचं पान हलत नव्हतं. तळं आरशासारखं पडलं होतं. काठावरची मंडळी म्हणाली, "काय शांत पाणी आहे, उडायला किती छान." यमुताई मात्र पुन्हा पुन्हा झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती.

विमानात महाराज बसले. प्रधान बसला. राजवैद्य अस्वल मधाचा बुधला मांडीवर घेऊन बसलं. ठेकेदार रानडुक्कर कंदमुळांच्या टोपल्या घेऊन चढला, तशा होड्या आणखी खाली गेल्या.

यमुताईने हात जोडले. "महाराज, वजन फार झालंय. आणि पाणी फार शांत आहे."

"शांत आहे तेच बरं ना?"

"नाही महाराज. असं पाणी होडीच्या तळाला धरून ठेवतं, सुटू देत नाही. थोडा वारा हवा, थोड्या लाटा हव्यात. आपण दोन फेऱ्या करू. अर्धे आत्ता, अर्धे मागून."

मागून जाणारे कोण, ते ठरेना. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. शेवटी प्रधान म्हणाला, "यमुताई, उद्घाटन एकदाच होतं."

"मग आधी तळ्यात गोल चकरा मारून लाटा तरी उठवते."

"महाराजांना चक्कर येते."

यमुताईने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथे ठेकेदाराने बांबूंची उंच कमान उभारली होती. वर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं. "आणि ही कमान? हिच्या वरून जायचं की खालून?"

"तुम्हाला सोयीचं पडेल तसं," ठेकेदार उदारपणे म्हणाला.

यमुताईने विमान सोडलं. वाटेत बाजूच्या काठावर एक जांभळीचं झाड होतं. तिथवर होड्या पाण्यातून सुटल्या नाहीत तर थांबायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. इंजिन ओरडत होतं. पाणी खालून ओढत होतं, ती ओढ तिला पंज्यांत कळत होती. तिने विमान एका अंगावर कलवलं, एक होडी जरा सुटली, पुन्हा बसली. कमानीवरची अक्षरं दिसायला लागली. मग अक्षरांचे ओघळलेले रंग दिसायला लागले. जांभूळ आलं आणि मागे गेलं. यमुताईने इंजिनाचा दांडा मागे ओढून वेग तोडला.

विमान पाण्यात बसलं आणि थांबलं. मधाचा बुधला महाराजांच्या आयाळीवर उपडा झाला.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"काही झालं नाही, महाराज," यमुताई म्हणाली.

बाळांनो, तिचं चुकलं ते इथेच. एवढी गर्दी जमलेली आणि काही झालं नाही. संध्याकाळच्या आत तिला भित्री ठरवून कामावरून काढलं.

जागा रणजित वानराला मिळाली. त्याला एकच प्रश्न विचारला होता, "भीती वाटते का?" तो म्हणाला, "कशाची?" झाली नेमणूक.

दुसऱ्या दिवशी तीच दुपार, तेच पाणी, तीच मंडळी. होड्यांतलं पाणी कुणी उपसलं नव्हतं. यमुताई काठावरून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, जांभळीपाशी थांब."

"ताई, थांबायचं कुठे हे ठरवून मी निघत नाही," रणजित म्हणाला.

तो थांबला नाहीच. विमान अगदी टोकाला पाण्यातून कसंबसं सुटलं, कमानीत शिरलं आणि कमानीसकट पाण्यात कोसळलं.

लोक ओरडायच्या आत यमुताईने बुडी मारली होती. तिने महाराजांना आयाळीला धरून ओढलं. मग वैद्यांना, मग प्रधानाला. ठेकेदार एका बांबूला धरून तरंगत होता. शेवटी तिने रणजितला वर आणलं, त्याच्या पोटातलं पाणी काढलं आणि काठावर चिखलात बसून राहिली.

पुढच्याच दरबारात रणजितला शाल आणि नारळ मिळाला. एवढ्या भीषण अपघातातून महाराज जिवंत परतले, ते त्याच्याच धाडसामुळे, असं प्रधान म्हणाला. रणजितचा पाय फळीला बांधलेला होता, तरी तो उभा राहून बोलला.

चौकशीही झाली. चौकशी ठेकेदाराने केली. कमान जागच्या जागी होती, तळंच आखूड पडलं, असं निघालं. यमुताईलाही बोलावलं होतं. अपघात होणार हे हिला आदल्या दिवशीच कसं ठाऊक होतं, एवढंच विचारायचं होतं. उत्तर कुणाला पटलं नाही. तिला जंगल सोडायला सांगितलं.

निघताना महाराजांनी तिला एकटीला बाजूला घेतलं. तसे ते मनाने वाईट नव्हते.

"यमुताई, तू त्या दिवशी थांबली नसतीस तर काय झालं असतं?"

"हेच झालं असतं, महाराज."

महाराज हळहळले. "मग होऊ द्यायचं होतंस ना, वेडे. शाल तुला मिळाली असती."

तात्पर्य : बाळांनो, टळलेलं संकट कुणाला दाखवता येत नाही. म्हणून मोठेपणी आधी विमान आपटा, मग धैर्याने बुडा. मात्र ज्यांना पोहता येतं त्यांना जंगलाबाहेर काढायचं ते त्यानंतर, आधी नव्हे.