नारायण मास्तरांची विहिरींची वही

पिंपळगाव राजात लग्न जुळवणाऱ्यांनी एक पथ्य पाळलं होतं. बैठकीला नारायण मास्तरांना बोलवायचं नाही! एकदा बोलावलं होतं. मुलाचे मामा रंगात येऊन म्हणाले, "आमचा पोरगा लई शांत सोभावाचा हाये."

कोपऱ्यातून आवाज आला, "आधार?"

"म्हंजे?"

"म्हंजे कोनं पाह्यलं, कवा पाह्यलं, कुठी लिहून हाये?"

लग्न झालं. पण मामा पुन्हा आमच्या गावात पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

मास्तर माझे शेजारी. त्यांच्या ओट्यावर एक जाडजूड वही असायची, पेन्सिल दोरीनं बांधलेली. आमच्या गल्लीतल्या तीन विहिरींचं पाणी रोज सकाळी किती खोल होतं, त्याची वर्षानुवर्षांची नोंद तीत होती. येईल त्यानं वाचावी. "उतरवून घ्या बाप्पा, कुलूप थोडंच हाये? फक्त कुठून घेतलं थे सांगत जा."

आमचा किसन माळी वही पाहूनच वांगी लावायचा. पहिला तोडा मास्तरांच्या ओट्यावर ओतून तो गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "वहीच्या आधारानं लावले होते हो वांगे!" मास्तर खूष. भरीत आम्हीही खायचो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. विहिरींची पाहणी करायला जीपमधून एक साहेब आले. तीन दिवस ओट्यावर बसून त्यांनी अख्खी वही उतरवली, मास्तरांचा चहा प्याले आणि गेले. पुढे अहवाल छापून आला. आमच्या विहिरींचे सगळे आकडे त्यात होते आणि खाली लिहिलं होतं, 'स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून.'

मास्तर ओट्यावर उभे राहून गरजले, "सांगन्यावरून? मी का चावडीवर गप्पा हानत होतो?"

मग पत्रं सुरू झाली. दर सोमवारी एक. वर्ष उलटलं तरी थांबेनात. मी चिडवायचो, "मास्तर, नाव छापलं तं तुमाले हत्तीवर बसवतीन काय?" एरवी मला पुरून उरणारा हा माणूस तेव्हा मात्र नुसता पाकिटाला तिकीट चिकटवायचा.

अखेर उत्तर आलं. अहवाल पुन्हा छापायचा होता, नोंदी करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता कळवावा. माझं अक्षर बरं, म्हणून मास्तरांनी मला बोलावलं. मी खोडसाळपणे आधीच मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, 'श्री. नारायण मास्तर, बी.ए., बी.टी.'

त्यांनी ते खोडलं.

"मी फक्त लिहिलं, भाऊ. मोजलं कोनं?"

मग त्यांनीच उलगडून सांगितलं. पाणी मोजायचं ते पहिली बादली विहिरीत पडायच्या आधी, पहाटे. ती बायकांची वेळ; तेव्हा पुरुषानं विहिरीकडे फिरकायचं नाही ही गावाची रीत. "मी गेलो असतो, तं बायकाईनं घागरीनं हानलं असतं मले," मास्तर म्हणाले. रोज अनसूयाबाई, त्यांची बायको, गाठी मारलेला दोर घेऊन जायची. किती गाठी कोरड्या राहिल्या ते घरी येऊन सांगायची, मग मास्तर लिहायचे. तिला लिहिता येत नव्हतं. साहेबांची जीप आली त्याच्या आदल्या वर्षी ती तापानं गेली होती. वहीतली शेवटची नोंदही त्याच आठवड्याची, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी नवा कागद घेतला. खाली मान घालून विचारलं, "नावाआधी 'कैलासवासी' लिहू ना?"

"नको," मास्तर घाईनं म्हणाले. मग दाराकडे बघत म्हणाले,

"तिच्या नावानं कवा पत्रच नाही आलं रे घरी. हे वाचून कोनाले काही इचारावं वाटलं, तं येईन एखांदं."

मी लिहिलं, 'सौ. अनसूयाबाई', आणि खाली घरचा पत्ता.